मकर राशीचा मालक कोण?

(अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



भाषण मला येत नाही. कविता वाचायला बोलावलं तर येतो, वाचतो, शेवटच्या लोकलनं घरी जातो. या वेळी मला सांगण्यात आलं, कविता नको, ज्योतिषावर बोल. मी म्हटलं, मी मॅट्रिक पास माणूस, गोदीत कंत्राटावर हमाली करतो, संस्कृत माझ्या बापाला आलं नाही नि मला पण येत नाही. तर म्हणाले, तुझ्या घरात जे घडलं ते बोल. म्हणून मी बारा राशींवर बोलणार नाही. एकीवरच बोलणार. मकर. या मकर राशीनं माझ्या थोरल्या भावाचा पाय खाल्ला असं आमच्या चाळीत अजून बोलतात. पाय कुणी खाल्ला ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

१८ मार्च २०२३. दादा आणि मी एकाच गँगला होतो. जहाजातून स्टीलच्या कॉइली उतरत होत्या. ज्या तारेच्या स्लिंगनं कॉइल उचलायची त्या स्लिंगच्या तारा तुटून काट्यासारख्या बाहेर आलेल्या. हातमोजा फाडून बोटात शिरायच्या. दादानं सकाळी सुपरवायझरला दाखवलं. जेवणाच्या सुट्टीनंतर परत दाखवलं. तो म्हणाला, आजचा दिवस काढा, उद्या बघू. संध्याकाळी पाचच्या सुमारास स्लिंग तुटली. कॉइल खाली आली, टेकली आणि लवंडली. दादा बाजूला झाला, पण सगळा नाही झाला. डावा गुडघा राहिला. दवाखान्यात तिसऱ्या दिवशी गुडघ्याच्या वरून पाय काढला. कंत्राटदारानं पंचवीस हजार हातावर टेकवले आणि एका कोऱ्या कागदावर सही मागितली. सही दादानं दिली नाही, एवढं एक बरं केलं.

पाय जाऊन पंधरा दिवस झाले आणि आई एका माणसाकडं गेली. तुम्हाला वाटेल कुणी शेंडीवाला भट. नाही. आपल्याच वस्तीतला, आपलाच माणूस. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, फोटोखाली टेबल, टेबलावर पंचांग. मी आईला सोडायला गेलो होतो, दारात उभा राहिलो.

दादाची पत्रिका कुठली? त्याचा जन्म गावी, घरात, सुईणीच्या हाताखाली. पाऊस होता एवढंच आईला आठवतं. शाळेत घालताना गुरुजींनी १ जून लिहिला. आपल्यातल्या किती म्हाताऱ्यांचा वाढदिवस १ जूनला असतो ते घरी जाऊन विचारा. तेव्हा त्या माणसानं नावरास काढली. भो, जा, जी, खी, खू, खे, खो, गा, गी ही मकरेची अक्षरं. दादाचं नाव 'जी' वरून. झाली मकर.

मग तो जे बोलला ते नीट ऐका. मकर ही दहावी रास, कर्माची, कष्टाची. कालपुरुष नावाचा एक मोठा माणूस ज्योतिषात कल्पिलाय, त्याचं डोकं मेष, पावलं मीन, आणि गुडघे मकर. या राशीचा मालक शनी. शनीचं धातू लोखंड. २४ जानेवारी २०२० ला शनी मकरेत आला, १७ जानेवारी २०२३ ला कुंभेत गेला, म्हणजे मकरेला साडेसातीची शेवटची अडीच वर्षं लागली. आणि शेवटची अडीच वर्षं शनी पायांवर असतो. वार कुठला होता? शनिवार. बोला आता!

आई रडायला लागली. आणि मी, तुमचा विद्रोही कवी, माझ्या अंगावर काटा आला. खोटं कशाला बोलू? गुडघा, लोखंड, शनिवार, पाय. सगळं जुळत होतं. मला वाटलं स्लिंगपेक्षा हे जास्त खरं आहे.

जोतीबांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' लिहिलं. त्यात एक जोशी कुणब्याच्या गरोदर बायकोला ग्रहांची भीती घालून लुबाडतो. नाटक मी वाचलेलं होतं. वाचलेलं असून दारात उभा राहिलो गप्प. आमच्या घरात ते नाटक परत झालं, फक्त जोशी बदलला होता. तो निघताना म्हणाला, २९ मार्च २०२५ ला शनी मीनेत जाईल, मकर सुटेल. तोपर्यंत कोर्टकचेरी करू नका, केली तर हरता. दर शनिवारी तेल घाला.

ही तारीख लक्षात ठेवा. मी तिच्याकडं परत येणार आहे.

त्यानंतर मी मकर वाचायला लागलो. वाचनालयात जुनी पुस्तकं होती, मराठी भाषांतरासकट. रात्रपाळी करून सकाळी जायचो, पानावर डोकं टेकून झोपायचो, ग्रंथपाल उठवायचा. पहिली गोष्ट जी कळली ती अशी, की हा माल 'वैदिक' म्हणून विकतात, पण वेदांत बारा राशी नाहीत. नक्षत्रं आहेत, कृत्तिकांपासून मोजलेली. वेदांगज्योतिषात उत्तरायण धनिष्ठेच्या आरंभी सांगितलंय, मकरेत नाही, कारण मकर तेव्हा इथं आलीच नव्हती. बारा सारख्या राशी इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात बाबिलोनमध्ये आखल्या गेल्या. तिथला हा प्राणी पुढून बोकड, मागून मासा. तिथून तो ग्रीकांकडं गेला, त्याचं नाव पडलं ऐगोकेरोस, म्हणजे बोकडशिंग्या. आणि सहाव्या शतकातला उज्जैनकडचा वराहमिहिर, ज्याला सगळे ज्योतिषी डोक्यावर घेतात, तो आपल्या बृहज्जातकात मकरेचं दुसरं नाव देतो: आकोकेर. ग्रीक शब्द, नुसता घासून गुळगुळीत केलेला. इकडं बोकडाची झाली मगर, तीही हरणाच्या तोंडाची. हाच वराहमिहिर बृहत्संहितेत कबूल करतो की यवन म्लेंच्छ खरे, पण हे शास्त्र त्यांच्यात चांगलं रुजलंय, म्हणून त्यांना ऋषींसारखा मान आहे.

मी गोदीतला माणूस. मला हे चटकन कळतं. परदेशातून पेटी येते, गोदामात तिच्यावरचा मार्का खरवडतात, नवा मार्का मारतात आणि बाजारात ती आपली, पुरातन, घरची होऊन जाते. त्या काळी आपल्या किनाऱ्यावर सोपारा, कल्याण, भडोच ही बंदरं जहाजांनी भरलेली असायची. कुणाच्या तरी पाठीवरून तो माल उतरला असणार. त्या पाठीची रास कुणी लिहून ठेवली नाही.

म्लेंच्छांकडून घेतलं याबद्दल मला राग नाही. ज्ञान कुठूनही घ्यावं. राग पुढच्या गोष्टीचा आहे. यांनी आभाळ घेतलं आणि त्यात आपलं गाव वसवलं.

कसं ते सांगतो. राशींचं वर्तुळ डोळ्यांपुढं आणा. कर्क आणि सिंह शेजारी शेजारी. कर्क चंद्राची, सिंह सूर्याची. हे दोघे राजे, हा त्यांचा वाडा. वाड्याला लागून दोन्ही अंगांना मिथुन आणि कन्या, ही बुधाची, बुध राजकुमार. त्यापलीकडं वृषभ आणि तूळ, शुक्राची, शुक्र मंत्री. मग मेष आणि वृश्चिक, मंगळाची, मंगळ सेनापती. मग मीन आणि धनु, गुरूची, तोही मंत्री. आणि राजवाड्यापासून सगळ्यात लांब, अगदी पाठीमागं, दोन घरं एकमेकांना चिकटून: मकर आणि कुंभ. शनीची. तो कोण? वराहमिहिरानं ग्रहांच्या दरबारात त्याला नोकर केलाय. आणि ग्रहांना वर्ण वाटताना गुरू-शुक्र ब्राह्मणांना, रवी-मंगळ क्षत्रियांना, चंद्र वैश्यांना, बुध शूद्रांना दिला. शनी? अंत्यजांचा.

वाचून मी पुस्तक मिटलं. गावकुसाबाहेरची आमची घरं मला वर्तुळात दिसली. शनी सगळ्यात हळू चालणारा, सूर्याचं एक चक्कर साडेएकोणतीस वर्षांत काढणारा, म्हणून त्याला सगळ्यात लांबची घरं दिली, इथवर हिशोब आहे. पण हळू चालणारा म्हणजे लंगडा, लंगडा म्हणजे म्हातारा, काळा, मळका, आळशी, नीच, हे कुठून आलं? हे दुर्बिणीतून नाही आलं. वेशीवरून आलं.

आता आपल्यातले काही मित्र इथं उडी मारतात. मागं एकजण मला म्हणाला, अरे मग शनी आपलाच की! कष्टकऱ्यांचा ग्रह. मकर आपली रास. आणि बघ, मकरेत गुरू नीच होतो, पाचव्या अंशावर परमनीच! ब्राह्मण आपल्या घरात आला की पडतो. याच्यावर कविता लिही. मी लिहिली पण. बावीस ओळी. टाळ्या पडल्या असत्या.

फाडून टाकली. कारण पुढचं पान वाचलं. मकरेत गुरू नीच, पण उच्च कोण? मंगळ, अठ्ठाविसाव्या अंशावर. सेनापती, क्षत्रिय. घर अंत्यजाचं आणि त्या घरात मान मोठा दुसऱ्याचा. घराच्या मालकाला स्वतःच्या घरात उच्चपद नाही, त्याला त्यासाठी शुक्राच्या तुळेत जावं लागतं. त्याहून गंमत सांगतो. लग्नाचे छत्तीस गुण जुळवताना राशींनाही वर्ण लागतो. मकरेचा वर्ण काय? वैश्य! मालक अंत्यज, दारावर पाटी वाण्याची. ही आमची गोदी झाली: राबणारा एक, बोर्ड दुसऱ्याचा. असल्या राशीला आपला झेंडा करायचा? त्यांच्या गावात आपल्याला हक्काचं महारवाड्यातलं घर मिळालं म्हणून पेढे वाटायचे?

संक्रांतीचंही तेच. सूर्य मकरेत जातो तो दिवस. त्यातसुद्धा जात आहे. सन १६०० मध्ये काशीला लिहिलेल्या मुहूर्तचिंतामणीत वारावरून संक्रांतीची नावं दिलीत. रविवारची घोरा, ती शूद्रांना सुख देते. सोमवारची वैश्यांना, मंगळवारची चोरांना, बुधवारची राजांना, गुरुवारची ब्राह्मणांना, शुक्रवारची जनावरांना. आणि शनिवारची? तिचं नाव राक्षसी, आणि ती सुख देते अंत्यजांना. आम्हाला सुख व्हायचं असलं तर त्याचं नाव राक्षसी. बरं, २०२३ साली सूर्य मकरेत गेला तो १४ जानेवारीला, शनिवारी रात्री. म्हणजे वाराच्या हिशोबानं आमच्या सुखाचं वर्ष. दोन महिन्यांनी दादाचा पाय गेला. या नियमाची आठवण त्या माणसानं आईला करून दिली नाही. जुळतं ते सांगायचं, जुळत नाही ते पंचांगात मिटून ठेवायचं.

आणि ही मकर आहे तरी नक्की कुठं? शाळेत शिकवतात मकरसंक्रांतीला उत्तरायण सुरू होतं. होत नाही. ते २१-२२ डिसेंबरलाच होतं, तेव्हापासून दिवस मोठा व्हायला लागतो. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो, त्यामुळं साधारण बहात्तर वर्षांत एक अंशाचा फरक पडतो. तो साचत साचत चोवीस अंशांवर गेला. याला ते अयनांश म्हणतात. तो किती धरायचा यावर त्यांच्यातच भांडण. म्हणून टिळक पंचांग मानणाऱ्यांची संक्रांत १० जानेवारीला आणि बाकीच्यांची १४-१५ ला. खगोलशास्त्रज्ञांनी आखलेल्या सीमा धरल्या तर सूर्य मकर तारकासमूहात जातो २० जानेवारीच्या सुमारास. एकच सूर्य, एकच मकर, तारखा चार. सूर्य रोज एक अंश चालतो म्हणून हा फरक चार-सहा दिवसांचा दिसतो. शनीला तेच चार अंश चालायला आठवडे नाही, महिने लागू शकतात. म्हणजे आईला दिलेली २९ मार्च ही तारीख आभाळात कुठं कोरलेली नव्हती. एका पंचांगाची तारीख होती.

साडेसातीचा हिशोब तर तुम्ही बोटांवर करा. शनी एका राशीत अडीच वर्षं. तुमची रास, तिच्या मागची, पुढची, अशा तीन राशी मिळून साडेसात. बारातल्या तीन राशींना साडेसाती कायमच चालू असते. म्हणजे जगातला साधारण चौथा माणूस कुठल्याही क्षणी साडेसातीत असतो. गोदीत अपघात झाला की चारातला एक सापडणारच. आणि उरलेल्या तिघांना अष्टम शनी आहे, मंगळ आहे, राहू आहे. गिऱ्हाईक रिकाम्या हातानं जात नाही.

जयंत नारळीकरांनी २००८ साली नरेंद्र दाभोलकरांच्या सोबतीनं महाराष्ट्रातल्या ज्योतिष्यांची परीक्षा घेतली. हुशार मुलांच्या शंभर आणि मतिमंद मुलांच्या शंभर कुंडल्या जमवल्या, प्रत्येकाला त्यातल्या चाळीस दिल्या आणि कुठली कुणाची ते ओळखायला सांगितलं. सत्तावीस जणांची उत्तरं आली. बरोबर निघाली सरासरी ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तरी निम्मी आली असती.

पण मला या आकड्यांपेक्षा गोदीतली एक गोष्ट जास्त पटते. १४ एप्रिल १९४४. बाबासाहेबांचा वाढदिवस. व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकीन नावाचं जहाज उभं होतं. दुपारी आग लागली, चारच्या पुढं दोन स्फोट झाले. शेकडो माणसं गेली, हमाल, खलाशी, आग विझवणारे बंबवाले. जुने कामगार अजून ऐकलेलं सांगतात. त्या शेकड्यांत मेष होती, मीन होती, मकर होती, सगळ्या बारा असणार. साडेसातीतले होते तसे गुरुबळ असलेलेही होते. आणि जहाजाच्या पोटात काय होतं? हजार टनांहून जास्त स्फोटकं आणि त्याच जहाजात कापसाच्या गासड्या. हे एकत्र कुणी भरलं, कुणी भरू दिलं, हा प्रश्न आहे. मेलेल्याची रास काढली की हा प्रश्न विचारायचा राहतो. दादाच्या बाबतीत नेमकं हेच झालं.

आता तारखेकडं येतो. दादाच्या अपघाताला जो १९२३ चा नुकसानभरपाईचा कायदा लागू होता, त्यात दावा दोन वर्षांच्या आत करायचा होता. अपघात १८ मार्च २०२३. मुदत संपली १८ मार्च २०२५. मकर सुटली २९ मार्च २०२५. अकरा दिवस.

मला मुदत माहीत नव्हती असं मी म्हणालो तर ते अर्धं खरं. मी युनियनच्या एका म्हाताऱ्याला विचारू शकत होतो. विचारलं नाही. आई दर शनिवारी गेटवरच्या त्या पोराच्या डब्यात, पत्र्याच्या शनीवर तेल ओतत होती, वहिनी धुणीभांडी करत होती, दादा खाटेवर पडून छताकडं बघत म्हणायचा, मकर सुटू दे मग बघतो त्या कंत्राटदाराकडं. मी सभांमधून व्यवस्थेच्या चिंधड्या उडवत होतो आणि घरात आईला एक शब्द बोललो नाही. तिच्या हातातलं तेल काढून घेतलं तर तिच्याकडं दुसरं काय राहील, असं मला वाटायचं. तिला राग येईल याची पण भीती होती. दुसरं काय द्यायचं ते माझ्याकडं होतं, दोन पानांचा एक अर्ज. तो मी लिहिला नाही. कविता लिहिल्या.

३० मार्चला, पाडव्याच्या दिवशी, दादा स्वतः उठला. दाढी केली. कुबडी घेतली. म्हणाला, चल आता वकिलाकडं, मकर सुटली.

वकीलबाईंनी कागद पाहिले, तारखा पाहिल्या, चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाल्या, उशीर झालाय, पण सबळ कारण असलं तर उशीर माफ होतो. कारण काय लिहू? दादा माझ्याकडं बघायला लागला, मी दादाकडं. मग तोच म्हणाला, लिहा की माझी रास मकर होती. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, हे कारण मी लिहू शकत नाही. तुमच्यासारखे फार येतात, कुणाची कन्या, कुणाची वृश्चिक. मग त्यांनी लिहिलं: ऑपरेशनं, घरातली एकच कमाई, अज्ञान. अर्ज गेला. अजून निकाल नाही.

बाई म्हणतात, उशीर माफ झाला तरी स्लिंग आधीच तुटकी होती आणि सांगूनसुद्धा बदलली नाही, हे सांगणारा दुसरा माणूस आणा. मी भाऊ, माझ्या साक्षीला वजन कमी. गँगमध्ये आम्ही नऊजण होतो. चौघांना गेटपास जाण्याची भीती आहे, ती मला कळते, माझाही गेटपास त्याच कंत्राटदाराच्या हातात आहे. एकजण म्हणतो, माझी मीन, मला आत्ता मधली साडेसाती चालू आहे, ती संपली की येतो. त्याला मी परवा पुन्हा भेटणार आहे, या वेळी तोंड उघडणार आहे.

उरलेले दोघे याच भागात राहतात असं मला कळलंय. त्यांची नावं इथं घेत नाही. दादानं सुपरवायझरला स्लिंग दाखवली तेव्हा ते दोघे बाजूलाच उभे होते. मी खाली चहाच्या टपरीवर थांबतोय. कुणाला त्यांचं घर माहीत असेल तर तिथं भेटा.